जर्मनीत शिकताना पासपोर्ट हरवला, व्हिसा संपत आला, पिवळं पाकीट आलं... अशा वेळी काय करायचं?

टपालपेटीत एक पिवळं पाकीट पडलेलं असतं. त्यावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते. आतलं पत्र तीन पानी आणि सगळं जर्मनमध्ये. परीक्षा तोंडावर आलेली असते, म्हणून पाकीट टेबलावरच्या पुस्तकांखाली जातं. तीन आठवड्यांनी एखाद्या मित्राकडून ते वाचून घेतलं की कळतं, उत्तर द्यायची मुदत दोन आठवड्यांची होती आणि ती पाकिटावरच्या तारखेपासून सुरू झाली होती.

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांच्या अडचणी अनेकदा अशाच सुरू होतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथल्या विद्यापीठांमध्ये ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा सर्वांत मोठा गट आहे. व्हिसासाठी दाखवायची रक्कम, शैक्षणिक कर्ज, विमानाचं तिकीट अशी घरच्यांची सगळी जुळवाजुळव त्यांच्यामागे असते. त्यामुळे एखादं सत्र वाया गेलं किंवा परवाना अडकला, तर त्याचा फटका पुण्या-नाशिकच्या घरापर्यंत पोहोचतो.

आपल्याकडे सरकारी काम अडलं की माणूस कार्यालयात जातो, साहेबांना भेटतो, कुणाची तरी ओळख काढतो. जर्मनीत ही सवय फारशी कामाला येत नाही. तिथली व्यवस्था कागद, तारीख आणि पोच या तीन गोष्टींवर चालते. पासपोर्ट हरवणं, आजारी पडणं, फसवणूक होणं यातल्या बहुतेक गोष्टींवर मार्ग असतो. मुदत उलटून गेल्यावर मात्र तो मार्ग फार अरुंद होतो. म्हणून कोणत्या अडचणीत किती वेळ हातात असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पहिले दोन आठवडे: पत्त्याची नोंदणी

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात आणि ती शहराच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे 'ब्युर्गरआम्ट'मध्ये होते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला 'हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो' असा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही.

पुढची बरीच कामं या एका कागदावर अवलंबून असतात. ११ अंकी कर क्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो. राहण्याच्या परवान्यासाठी नोंदणी लागते आणि अनेक बँकाही खातं उघडताना ती मागतात. व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवलेले पैसे दरमहा थोडे थोडे सुटतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. हे पैसे चालू खात्यात येतात, त्यामुळे खातंच उघडलं नसेल तर स्वतःचे पैसे असूनही हात रिकामे राहतात.

मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही. अशा वेळी लवकरात लवकर मिळेल ती तारीख घेऊन तिची पोच जपून ठेवावी. उशीर विद्यार्थ्यामुळे झालेला नाही, हे त्यातून दाखवता येतं.

आणखी एक साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. टपालपेटीवर स्वतःचं नाव हवं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवू शकतो. बँकेचं कार्ड, पिन, कर क्रमांक, विम्याचं पत्र हे सगळं टपालानेच येतं. दुसऱ्याच्या घरात एखादी खोली घेऊन राहणाऱ्याने पहिल्याच दिवशी पेटीवर नावाची चिठ्ठी चिकटवावी.

आडनाव आधी की नाव आधी?

महाराष्ट्रातून गेलेल्या मुलांना एक खास अडचण येऊ शकते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव आणि मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि नावाच्या रकान्यात अनेकदा वडिलांचंही नाव असतं. जर्मन कार्यालयाला फक्त 'नाव' आणि 'आडनाव' एवढंच समजतं. त्यामुळे एका कागदावर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की हा एकच माणूस आहे का, असा प्रश्न उभा राहू शकतो.

यावरचा उपाय सोपा आहे. पासपोर्टवर जसं नाव आहे, अगदी तसंच ते विद्यापीठ, विमा, बँक, भाडेकरार आणि टपालपेटी अशा सगळ्या ठिकाणी वापरावं. पासपोर्ट आणि गुणपत्रिका यांतल्या नावांत खरोखर फरक असेल, तर दुरुस्तीचं काम भारतातून निघण्याआधीच उरकावं. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून 'एपीएस' प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी कागद तपासले जातातच, तेव्हाच नावांचा मेळ घालून घेतलेला चांगला.

खोली मिळाली, पण मालक 'परदेशात' आहे

मोठ्या शहरांत खोल्यांची टंचाई आहे आणि फसवणारे त्याचाच फायदा घेतात. पद्धत ठरलेली असते. सुंदर फोटो, बाजारभावापेक्षा कमी भाडं आणि घर दाखवता येणार नाही असं सांगणारा मालक. तो म्हणे कामासाठी दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवलं की चावी कुरिअरने येईल. पैसे जातात आणि चावी येत नाही.

घर स्वतः किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. पासपोर्टची प्रतही लगेच देऊ नये, कारण तिचा वापर पुढच्या माणसाला फसवण्यासाठी होऊ शकतो. कायद्यानुसार डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असतं आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. 'खोली आहे, पण आनमेल्डुंग मिळणार नाही' अशी अट असेल, तर स्वस्त वाटणारी ती खोली पुढे महागात पडते.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवावं आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. अनेक राज्यांत ही तक्रार ऑनलाइन करता येते. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण तक्रारीचा क्रमांक पुढे प्रत्येक ठिकाणी मागितला जातो.

व्हिसा संपत आला, पण अपॉइंटमेंट मिळत नाही

जर्मनीत पोहोचल्यावर परदेशी नागरिक कार्यालयातून राहण्याचा परवाना घ्यावा लागतो. या कार्यालयाला 'आउसलेंडरबेहोर्डे' म्हणतात. अनेक शहरांत या कार्यालयाची अपॉइंटमेंट महिनोन् महिने मिळत नाही. इकडे पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख जवळ येत असते.

इथे एकच नियम लक्षात ठेवायचा. व्हिसा किंवा जुना परवाना संपण्याआधी अर्ज पोहोचला पाहिजे. निवास कायद्याच्या ८१ व्या कलमानुसार, मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं मानलं जातं. त्याचा पुरावा म्हणून कार्यालय एक दाखला देतं. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, पण विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ते 'फिक्शन सर्टिफिकेट' असतं. आधी नोकरी करायची परवानगी असेल तर ती या काळातही चालू राहते.

अपॉइंटमेंट मागणं आणि अर्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मला तारीख द्या' एवढाच मेल पुरेसा ठरेल याची खात्री नसते. शहराची ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर 'मी माझ्या निवास परवान्याची मुदत वाढवण्यासाठी अर्ज करत आहे' असं स्पष्ट लिहावं. सोबत पासपोर्ट, विद्यापीठाचा प्रवेश दाखला, विमा आणि पैशांचा पुरावा जोडावा. तोच अर्ज रजिस्टर टपालाने पाठवून पावती ठेवावी. रजिस्टर टपालाला तिथे 'आइनश्रायबन' म्हणतात.

बहिणीच्या लग्नासाठी किंवा दिवाळीसाठी याच काळात घरी यायचं असेल, तर दाखला नीट वाचावा. त्यात ८१ व्या कलमाच्या कोणत्या पोटकलमावर खूण आहे ते महत्त्वाचं असतं. चौथ्या पोटकलमावर खूण असेल तर जर्मनीत परत येता येतं, तिसऱ्यावर असेल तर येता येत नाही. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिल्यास परवाना आपोआप रद्द होऊ शकतो. घरी आजारपण असेल आणि जास्त दिवस राहावं लागणार असेल, तर ही परवानगी आधीच लेखी मागावी.

पासपोर्ट हरवला तर

पहिलं काम म्हणजे पोलिसांकडे तक्रार आणि तिची लेखी प्रत. त्यानंतर भारतीय दूतावास आणि परदेशी नागरिक कार्यालय या दोघांना कळवायचं. भारताचा दूतावास बर्लिनमध्ये आहे आणि फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग व म्युनिक इथे वाणिज्य दूतावास आहेत. राहतो ते शहर कोणाच्या हद्दीत येतं, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहून तिथेच अर्ज करावा लागतो. नवा पासपोर्ट मिळायला वेळ लागू शकतो, कारण भारतात पोलीस पडताळणी होऊ शकते.

घाईत एक चूक होते. दूतावासाकडून 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं, तेही एकदाच. त्यावर घरी आलेल्या विद्यार्थ्याला नवा पासपोर्ट काढूनच परत जाता येतं. घरी अगदीच निकड नसेल तर जर्मनीत थांबून नवा पासपोर्ट घेणं बरं.

पाकिटासोबत बँकेचं कार्ड आणि परवान्याचं कार्डही गेलं असेल, तर ११६ ११६ हा क्रमांक लक्षात ठेवावा. त्यावर चोवीस तास बँकेचं कार्ड बंद करता येतं आणि परवान्याच्या कार्डावरची ऑनलाइन ओळखही थांबवता येते. परवान्याचं कार्ड भारतात असताना हरवलं, तर परत जाण्यासाठी जर्मन दूतावासाकडून व्हिसा घ्यावा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांसाठी ते काम मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असतं.

हरवलेला पासपोर्ट नंतर सोफ्याखाली सापडला, तर तो वापरू नये. तक्रार नोंदवल्यावर तो रद्द झालेला असू शकतो आणि विमानतळावर त्यावरून अडवलं जाऊ शकतं.

परीक्षेच्या दिवशी ताप आला

जर्मन विद्यापीठांत परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. नोंदणी करून परीक्षेला न बसल्यास सहसा नापास धरलं जातं. आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यायचा आणि तो विनाविलंब परीक्षा कार्यालयाला द्यायचा. काही विद्यापीठांचा यासाठी ठरावीक नमुना असतो. पेपर देऊन आल्यावर 'बरं नव्हतं' म्हटलेलं सहसा चालत नाही.

हे इतकं महत्त्वाचं का? बऱ्याच अभ्यासक्रमांत एका विषयासाठी तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात शेवटची संधीही गेली, तर विद्यापीठ नाव काढून टाकतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा पूर्ण करता येत नाही. प्रवेश गेला की शिक्षणासाठी दिलेला परवानाही धोक्यात येतो. म्हणजे एका दिवसाचा ताप आणि न घेतलेला दाखला मिळून वर्षाचं नुकसान करू शकतात.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल आणि जिवाला धोका नसेल, तर ११६ ११७ वर फोन करावा. जीव धोक्यात असेल तर ११२, पोलीस हवे असतील तर ११०. आरोग्य विमा घेताना एक निर्णय विचारपूर्वक घ्यावा. सार्वजनिक विम्यातून सूट घेऊन खासगी विमा घेतला, तर शिक्षण संपेपर्यंत सहसा सार्वजनिक विम्यात परत येता येत नाही.

किल्ली हरवली, फोनची बॅटरी संपली

वसतिगृहाची किल्ली हरवणं ही आपल्याकडे पन्नास-शंभर रुपयांची गोष्ट. जर्मनीत मात्र अनेक इमारतींत एकच किल्ली मुख्य दार, तळघर आणि खोली या सगळ्यांना लागते. ती हरवली तर सगळी कुलुपं बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो आणि तो हजारो युरोंत जाऊ शकतो. दुसऱ्याचं नुकसान झाल्यास ते भरून देणारा 'हाफ्टफ्लिख्ट' विमा यासाठीच असतो. तो तुलनेने स्वस्त असतो. किल्ली हरवण्याचा समावेश आहे का, ते मात्र तो घेतानाच पाहावं.

ट्रेनमध्ये तिकीट तपासनीस आला आणि सेमिस्टर तिकीट असलेला फोन बंद पडला, तर ६० युरोंची पावती हातात येते. तिकीट स्वतःच्या नावाचं आणि त्या वेळी वैध होतं, हे साधारणपणे एका आठवड्याच्या आत दाखवलं की ही रक्कम ७ युरोंवर येते. पावती खिशात विसरली तर पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि पुढे वसुलीचा खर्चही वाढत जातो.

पिवळं पाकीट आणि उत्तर द्यायची मुदत

पिवळ्या पाकिटातून येणारं पत्र पेटीत पडलं की ते मिळालं असं कायदा मानतो. ते उघडलं की नाही, याचा संबंध नसतो. म्हणून पाकीटही पत्राइतकंच जपून ठेवावं. आत न्यायालयाची 'मानबेशाइड' नावाची पैशांची मागणी असू शकते. मागणी खरी आहे की नाही हे न्यायालयाने तेव्हा तपासलेलं नसतं. मागणी चुकीची असेल तर दोन आठवड्यांत सोबतच्या फॉर्मवर हरकत घ्यायची असते. गप्प राहिलं की चुकीचं बिलही वसुलीपर्यंत जातं.

सरकारी कार्यालयाने किंवा विद्यापीठाने विरोधात निर्णय दिला, तर पत्राच्या शेवटी दाद कुठे, कशी आणि किती दिवसांत मागायची ते लिहिलेलं असतं. तो शेवटचा परिच्छेद सगळ्यात आधी वाचावा. साधारणपणे एक महिन्याची मुदत असते. साध्या टपालाने आलेलं पत्र २०२५ पासून, पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी मिळालं असं धरतात. काही राज्यांत हरकतीचा टप्पाच नसतो आणि थेट प्रशासकीय न्यायालयात जावं लागतं. हेही त्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं.

हरकतीचं पत्र लांबलचक असायची गरज नाही. नाव, फाइल क्रमांक, निर्णयाची तारीख, 'या निर्णयाला माझी हरकत आहे, कारणं नंतर कळवतो' एवढं वाक्य आणि हाताने केलेली सही पुरते. एवढ्याने मुदत सांभाळली जाते आणि कारणं शांतपणे मांडायला वेळ मिळतो. साधा ईमेल सहसा पुरत नाही.

मदत कुठे मिळते?

पहिलं ठिकाण म्हणजे विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय. परदेशी नागरिक कार्यालयाशी त्यांचा रोजचा संबंध असतो. विद्यार्थी संघटनेकडे आणि 'श्टुडिअरेंडनवेर्क' या विद्यार्थी कल्याण संस्थेकडे अनेक ठिकाणी मोफत सल्ला मिळतो, काही ठिकाणी वकीलही बसतात. भाड्याच्या वादासाठी भाडेकरू संघ आहेत. उत्पन्न कमी असेल तर बहुतेक राज्यांत स्थानिक न्यायालयातून सल्ल्यासाठीचा दाखला मिळतो आणि मग वकिलाचा सल्ला १५ युरोंत घेता येतो.

भारत सरकारचं 'मदद' हे पोर्टल २०१५ पासून आहे. परदेशातल्या विद्यार्थ्यांना त्यावर नाव नोंदवता येतं आणि दूतावासाशी संबंधित तक्रारही करता येते. ही नोंदणी संकट येण्याआधीच केलेली चांगली.

मुदती एका नजरेत

- पत्त्याची नोंदणी: राहायला गेल्यापासून २ आठवडे
- परवान्याचा अर्ज: जुना संपण्याआधी
- कार्ड बंद करणं: लगेच, ११६ ११६
- आजारपणाचा दाखला: परीक्षेच्या दिवशीच
- तिकीट दाखवणं: साधारण १ आठवडा
- न्यायालयाच्या पैशांच्या मागणीवर हरकत: २ आठवडे
- सरकारी निर्णयावर दाद: साधारण १ महिना
- घर सोडण्याची नोटीस: ३ महिने, सहीसह लेखी
- देश सोडताना पत्त्याची नोंद रद्द करणं: निघण्याच्या १ आठवडा आधीपासून २ आठवडे नंतरपर्यंत

विमानात बसण्याआधी करायचं काम फार मोठं नाही. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, गुणपत्रिका आणि विम्याचे कागद स्कॅन करून त्यांची एक प्रत घरी आई-वडिलांकडे ठेवावी. तिकडे पोहोचल्यावर एक फाइल घ्यावी. आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडावं, भाषा समजत नसली तरी मोबाइलवर भाषांतर करून त्यातली तारीख शोधावी आणि ती कॅलेंडरवर लिहावी. ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात आवक-जावक रजिस्टर असतं ना, तसंच स्वतःचं एक ठेवावं. पुढे कधी 'तुमचा अर्ज आम्हाला मिळालाच नाही' असं उत्तर आलं, तर पोच त्या फाइलमध्ये सापडेल.